समोर कोण उभं आहे ते सांगायचं नाही

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री बहिणीने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. भाच्याच्या खोलीची भिंत, भिंतीवर वहीतून फाडलेला कागद, कागदावर निळ्या पेनाने उतरवून घेतलेलं इंग्रजी गाणं. खाली तिचा मेसेज : ‘दादा, वाच हे. काळी आकृती, आग, सैतान! अकरावीत आहे रे तो. तूही कॉलेजात असलंच काहीतरी ऐकायचास ना? उद्या ये आणि बोल त्याच्याशी.’

गाणं मी पहिल्याच ओळीला ओळखलं. ब्लॅक सॅबथ या बँडच्या पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं. बँडचं, अल्बमचं आणि गाण्याचं नाव एकच. अल्बम आला १३ फेब्रुवारी १९७० रोजी, आणि वार होता शुक्रवार. म्हणजे जे ऐकून पोरगं बिघडेल म्हणून माझी बहीण घाबरली होती, ते गाणं त्या पोराच्या आजीच्या शाळेच्या दिवसांतलं!

रविवारी ठाण्यातच पाचपाखाडीहून कासारवडवलीला निघालो. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांखालून, खड्डे चुकवत, सव्वा तास. आमची नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हापासून आई बहिणीकडे राहते, आणि आईच्या मागोमाग तिची बाजाची पेटीही तिकडे गेली. त्यामुळे दार उघडलं तेव्हा भाचा गिटार घेऊन, बहीण कपाळाला आठ्या घालून आणि आई मेथीची जुडी घेऊन, असे सगळे एकदमच समोर.

मी बँकेत नोकरी करतो, संगीताचा अभ्यासक वगैरे नाही. पण १९९७-९८ च्या सुमारास मित्रांकडून कॅसेटी भरून घेऊन ही गाणी ऐकायचो. शब्द निम्मेसुद्धा कळायचे नाहीत. पुढे हळूहळू कळत गेले तेव्हा लक्षात आलं, की जिथे मला सगळ्यात जास्त भीती वाटायची नेमकं तिथेच गाणं फारसं काही सांगत नव्हतं.

‘डार्क रॉक’ असा काही एक ठरलेला प्रकार नाही. हेवी मेटल, गॉथिक रॉक, पोस्ट-पंक, ग्रंज अशा बऱ्याच वाड्यांना मिळून लोक हे नाव देतात. कुठला बँड कुठल्या वाडीतला यावर पोरं तासन्‌तास भांडतात. आपण त्यात पडायला नको. आपल्याला एवढंच बघायचंय, की या गाण्यांत भीती येते कुठून.

भाच्याला म्हटलं, काढ तो कागद भिंतीवरून. आता बघ, यात विधानं कुठली आणि प्रश्न कुठले.

गाण्याची सुरुवातच प्रश्नाने होते. बोलणाऱ्यासमोर काहीतरी उभं आहे, आणि तो विचारतोय की हे काय आहे. काळी आकृती, त्याच्याकडे बोट दाखवणारी. तो वळून पळतो, आणि पळता पळता त्याला कळतं की निवड त्याचीच झालेली आहे. कशासाठी, कुणी केली, काही पत्ता नाही. मध्ये सैतान हसत बसलेला आहे, ज्वाळा वाढताहेत, आणि हा माणूस देवाला हाक मारतो, मला वाचव म्हणून. (ही ओळ मी बहिणीला मुद्दाम दाखवली. सैतानाची आरती म्हणून जे तिने धरलं होतं, त्यात माणूस देवाचा धावा करतोय.) शेवटच्या कडव्यात पुन्हा प्रश्न : हा शेवट आहे का? लोक पळताहेत, एवढं दिसतं. उत्तर मिळत नाही.

बहीण त्या कागदावरची नामं वाचत होती : आकृती, आग, सैतान. भाच्याला जे भिडलं होतं ते या नामांच्या मधलं होतं. मी त्याला विचारलं, यातलं सगळ्यात भीतिदायक काय? त्याने सैतानावर बोट ठेवलं नाही. म्हणाला, ‘मामा, तो बोट दाखवतो ना, ते. काहीच बोलत नाही, नुसतं बोट.’

हे गाणं ज्याच्या अनुभवातून आलं तो गीझर बटलर हा बँडचा बेस वाजवणारा, आयरिश कॅथलिक घरातला. खोली काळ्या रंगाने रंगवलेली, डोक्यात जादूटोण्याची पुस्तकं, आणि एका रात्री जाग आली तर पलंगाच्या पायथ्याशी काळी आकृती उभी, अशी हकीकत तो सांगत आलेला आहे. खरं-खोटं त्याचं त्याला माहीत. ती हकीकत ऐकून शब्द लिहिले ते गायक ऑझी ऑस्बॉर्नने. पण ती आकृती काय होती हे त्याने गाण्यात सांगितलं नाही, ही त्याची हुशारी.

आपल्याकडे हे कसब बायकांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. बागुलबुवा आठवा. लहानपणी तुम्हाला कुणी सांगितलं का, की बागुलबुवाला शिंगं असतात, तो अमुक इतका उंच असतो, अमुक ठिकाणी राहतो? मला तरी नाही. ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल,’ एवढंच. बाकीचं काम पोराचं डोकं करतं. शिंगं आहेत म्हटलं असतं तर पोराने दुसऱ्या दिवशी विचारलं असतं, किती आहेत? एडमंड बर्क नावाच्या विचारवंताने १७५७ मध्येच लिहून ठेवलंय की एखादी गोष्ट भयंकर वाटायला हवी असेल तर ती अंधुक ठेवावी लागते. धोका पुरता दिसला, नजर सरावली, की धास्ती ओसरते. मेटॅलिका या बँडचं १९९१ सालचं सगळ्यात गाजलेलं गाणं तर सरळसरळ बागुलबुवाचंच आहे. त्यात झोपण्यापूर्वीची प्रार्थना एक मोठा माणूस सांगतो आणि मूल त्याच्यामागून म्हणतं. प्रार्थना साधीच, पण त्या जागी अंगावर काटा येतो.

आता थोडं शब्दांकडे वळू, कारण मराठीत या बाबतीत श्रीमंती आहे. वाघ समोर आला की वाटते ती भीती. निकालाच्या आदल्या रात्री असते ती धाकधूक. पुराचं पाणी एकदा घरात शिरून गेल्यावर दर पावसाळ्यात पोटात गोळा येतो तो धसका. पुढे काहीतरी वाईट होणार असं धरून बसणं म्हणजे धास्ती. दिवेलागणीला कारण नसताना मन लागत नाही ती हुरहूर. आणि मागे कुणीतरी आहे असं वाटतं, पण वळून बघितलं तर कुणी नसतं, ती चाहूल. मानसशास्त्राच्या पुस्तकांत याची ढोबळ विभागणी दोनच खणांत असते : समोर ठरावीक वस्तू असेल तर भय, वस्तूच नसेल तर चिंता. आपले शब्द त्याहून बारीक कातलेले आहेत. डार्क रॉकमध्ये वाघ फार क्वचित भेटतो. तिथे राज्य असतं धाकधूक, हुरहूर आणि चाहूल यांचं.

वाघापेक्षा वाघाची शंका जास्त छळते, याला प्रयोगाचा आधारही आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ माणसांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावर दगड. दगडाखाली साप असेल की नाही, ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा खराखुरा झटका, दुखेल असा. कुठल्या दगडाखाली साप असण्याची शक्यता किती, ते अधूनमधून बदलत राहायचं. माणसांना किती ताण येतो ते त्यांनी स्वतः सांगायचंच, शिवाय हाताचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्याही मोजायच्या. सगळ्यात जास्त ताण कधी आला? झटका बसणारच हे माहीत असताना नव्हे. बसेल की नाही हे निम्मं-निम्मं असताना.

ठाणे स्टेशनावर उभ्या राहिलेल्या माणसाला हे प्रयोगाशिवायही कळतं. गाडी वीस मिनिटं उशिरा आहे असं लागलं की आपण वैतागतो, चहा घेतो, घरी फोन करतो. पण इंडिकेटर कोरा आहे, पूल माणसांनी भरलाय आणि उद्‌घोषणा काही सांगत नाही, तेव्हा जी घालमेल होते ती वीस मिनिटांची नसते. तिला मापच नसतं.

हे गीतकारांना पक्कं माहीत असतं. द डोअर्स या बँडचं १९७१ सालचं वादळातल्या प्रवाशांवरचं एक गाणं आहे. सुरुवातीलाच पाऊस आणि गडगडाट. कीबोर्डच्या सुरांचे थेंब टपकत राहतात, आणि जिम मॉरिसनच्या आवाजाखाली त्याचाच आवाज दुसऱ्यांदा, कुजबुजत, मुद्रित केलेला आहे. पहिल्यांदा ऐकताना ती कुजबूज लक्षात येत नाही, फक्त अस्वस्थ वाटत राहतं. मजकूर काय, तर रस्त्यावर एक मारेकरी आहे. पुढची ओळ ‘जर’ने सुरू होते : जर या माणसाला गाडीत घेतलंत तर तुमच्या घरच्यांचं काही खरं नाही. बास. तो कोण, दिसतो कसा, कुणाला गाडी थांबवायला सांगतो, काही नाही. जुलैमध्ये रात्री साडेअकराला गायमुखच्या चढावर वायपर चालू असताना हे गाणं लावून बघा, आणि कडेला छत्रीवाला कुणी हात दाखवताना दिसू नये अशी इच्छा करा. गाण्यात काहीच घडत नाही. सगळा कारभार त्या एका ‘जर’चा.

आणि चाहुलीचं म्हणाल तर आयर्न मेडन या बँडचं अंधाराच्या भीतीवरचं गाणं, १९९२ चं. एक माणूस रात्री एकटा चालतोय, बागेतून. अंधार पडायला लागला की त्याला चमत्कारिक वाटायला लागतं, कुणीतरी सतत आसपास आहे असं. यात मजा अशी की हा माणूस अडाणी नाही. आदल्या रात्री आपण भुताटकीचे सिनेमे पाहिले, चेटकिणींवर गप्पा मारल्या, मन आपल्याशी खेळतंय, हे तो स्वतःच कबूल करतो. म्हणजे खुलासा त्याच्या हातात आहे. तरी मान वळवायची हिंमत होत नाही! आणि मागे कुणी होतं की नाही, हे गाणं संपलं तरी कळत नाही.

कॉलेजात असताना मावशीकडे डोंबिवलीला जायचो, फास्ट लोकलने. तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. १९१६ चा बोगदा, सव्वा किलोमीटरहून जास्त लांब. डब्यातले दिवे गेलेले असले तर गाडी आत शिरताच मिट्ट काळोख व्हायचा. पोरं आरोळ्या ठोकायची. माझ्या शेजारी ठाण्यापासून खांद्याला खांदा लावून उभा असलेला माणूस, ज्याची हिरवी पिशवी माझ्या गुडघ्याला दर हिसक्याला लागत होती, तो त्या काळोखात एकदम ‘कोणीतरी’ होऊन जायचा. पिशवी तीच, धक्का तोच. पण आता तो कोण मारतंय याची खात्री उरायची नाही. मिनिटभरात उजेड यायचा आणि तो पुन्हा हिरव्या पिशवीवाला व्हायचा.

हे ‘कोणीतरी’ फार कामाचं आहे. इंग्रजी गाण्यांत सर्वनामांवर सगळा डोलारा असतो. ‘ते’ येताहेत. ‘तू’ मला सोडत नाहीस. ते कोण, तू कोण, पुरुष की बाई, माणूस की आजार की नुसती रात्र, इंग्रजीत सांगावंच लागत नाही. भाच्याने एका गाण्याचं मराठी करून बघितलं होतं आणि पहिल्याच ओळीला अडला होता, कारण आपलं क्रियापद गप्प बसत नाही. ‘तू आलास’ म्हटलं की पुरुष झाला, ‘आलीस’ म्हटलं की बाई. बोलणाराही ‘मी घाबरलो’ किंवा ‘मी घाबरले’ म्हणून स्वतःला उघडं पाडतो. इंग्रजी गीतकाराला जे फुकटात मिळतं ते मराठी कवीला कमवावं लागतं.

कमावलेलं आहेच म्हणा. ग्रेस यांचं ‘भय इथले संपत नाही’ घ्या. हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज. आपल्याकडच्या किती घरांत ते लागलेलं असतं. यातला ‘इथले’ बघा. इथले म्हणजे कुठले? घरातले, गावातले, या जन्मातले, मनातले? कवी सांगत नाही, आणि आपल्यालाही कधी विचारावंसं वाटलं नाही. भय कशाचं तेही नाही. बहिणीला म्हटलं, हे गाणं तू स्वतः गुणगुणतेस, तेव्हा मी आईला फोन करून ‘हिचं काही खरं नाही’ असं सांगितलं का? हा वार बरोबर बसला.

उलटं उदाहरणही आहे, जिथे सगळं ठरलेलं असतं. मेडनचंच १९८२ सालचं एक गाणं फाशीच्या कैद्याचं आहे. कोठडी, घंटा, पहाट, सगळं नक्की. तिथे अनिश्चितता सरकून पलीकडे जाते : हे खरंच घडतंय की स्वप्न आहे, आणि दोर ओढल्यानंतर पुढे काय. वेळ ठरलेली असली तरी माणूस शंकेला कुठून तरी जागा करून देतोच.

आता एक वेगळी भीती. ठाणेकरांना ती जरा जवळची आहे. आपल्याकडे कुणी विचित्र वागला की म्हणतात, ‘याला ठाण्याला पाठवा.’ ठाण्यात मनोरुग्णालय आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून, म्हणून हा वाक्प्रचार. बाहेरगावी लग्नाला गेलं आणि ठाण्याहून आलोय म्हटलं की अजूनही एखादा काका डोळा मारतो. माझ्या लहानपणी यावर आम्हीही हसायचो. आता हसू येत नाही, कारण त्या भिंतीआड ओळखीच्यांची माणसं जाऊन बरी होऊन आलेली पाहिली आहेत. पण त्या विनोदाच्या मुळाशी खरी भीती आहेच : आपलंच डोकं आपल्या ताब्यात राहिलं नाही तर?

पिंक फ्लॉइडने १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बममधल्या एका गाण्यात ही भीती पावलं मोजत आणलीय. शब्द रॉजर वॉटर्सचे. मागे संदर्भ आहे तो सिड बॅरेटचा, जो या बँडचा मूळ गीतकार, आणि मनाची घडी विस्कटल्यामुळे १९६८ मध्ये बँडमधून गेलेला. गाण्यात वेडा माणूस आधी बाहेर गवतावर आहे. पुढच्या कडव्यात तो घरात, हॉलमध्ये आलाय. त्यानंतर डोक्यात. अंतर कमी कमी होत जातं आणि शेवटच्या पायरीला दारच उरत नाही, लावायचं कुठलं? गाणं मात्र ओरडत नाही. चाल जवळजवळ अंगाईसारखी संथ आहे आणि मध्ये कुणीतरी हसतं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकारातलं हे सगळ्यात घाबरवणारं गाणं, आणि यात एकही भूत नाही, की रक्ताचा थेंब नाही.

ब्लॅक सॅबथचं ‘पॅरानॉइड’ याच्या शेजारी ठेवून बघावं. १९७० चं, तीन मिनिटांच्या आतलं, अल्बममध्ये जागा उरली म्हणून घाईघाईत केलेलं. शीर्षकातला शब्द अख्ख्या गाण्यात एकदाही येत नाही! माणूस सांगतो की मन कशात लागत नाही, सुख म्हणजे काय ते कळत नाही, कपाळाला आठ्या असतात म्हणून लोक वेडा समजतात. आपल्याला काय झालंय ते त्याला सांगता येत नाही. आज आपण त्याला नैराश्य म्हटलं असतं. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या विशीतल्या पोरांकडे तेव्हा तो शब्द नव्हता, गिटार होतं.

त्या वस्तीबद्दल दोन वाक्यं सांगायला हवीत. अ‍ॅस्टन हा बर्मिंगहॅमचा कामगार भाग, युद्धात बॉम्ब पडलेला. गिटारवाला टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, आणि तारा दाबताना दुखू नये म्हणून पुढे त्या सैल केल्या. तारा सैल म्हणजे सूर खाली, जड, घरघरता. या संगीताचा जो ‘काळा’ आवाज म्हणतात, त्याचा एक धागा असा अपघातातून आलाय. वागळे इस्टेटमध्ये प्रेसवर आयुष्य काढलेल्या माणसांचे हात ठाण्यात ज्यांनी बघितलेत, त्यांना वेगळं समजावायला नको.

बहिणीचा मूळ प्रश्न मात्र शिल्लक होताच. ‘ते सगळं ठीक आहे दादा, पण रोज हेच ऐकून त्याच्या मनावर परिणाम नाही का होणार?’

हा प्रश्न अमेरिकेच्या सिनेटने १९८५ मध्ये विचारला होता, सुनावणी घेऊन. त्यातून अल्बमवर पालकांसाठीच्या इशाऱ्याची चिठ्ठी लागायला लागली. पोरांनी ती चिठ्ठी बघून अल्बम निवडायला सुरुवात केली, हा भाग वेगळा. १९९० मध्ये नेवाडातल्या रीनो शहरात ज्यूडस प्रीस्ट या बँडवर खटलाच चालला, गाण्यात दडवलेल्या शब्दांनी दोन मुलांना स्वतःला इजा करायला लावलं असा आरोप ठेवून. न्यायाधीशांनी तो मान्य केला नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी असं संगीत ऐकणाऱ्या १८ ते ३४ वयाच्या ३९ जणांना आधी मुद्दाम चिडवलं, म्हणजे राग येईल अशा आठवणींवर बोलायला लावलं, आणि मग काहींना त्यांच्याच आवडीची गाणी ऐकू दिली, काहींना नुसतं शांत बसवलं. गाण्यांनी राग वाढला नाही. उलट ऐकणाऱ्यांनी ताजंतवानं वाटल्याचं सांगितलं. ३९ म्हणजे फार नव्हेत, आणि ते सगळे आधीपासूनचे चाहते होते, हे विसरायचं नाही. पण बहिणीच्या भीतीला पुरतील इतके होते.

तिला मी एवढंच म्हटलं, की भिंतीवरचा कागद बघू नकोस, पोराकडे बघ. जेवतो का, झोपतो का, मित्र येतात का, गिटार अजून वाजवतो का. ज्या दिवशी तो गाणीही बंद करेल आणि नुसता पडून राहील, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलेल, त्या दिवशी मला नाही, डॉक्टरांना फोन कर. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. भाचा तेव्हा फ्रिजमधून दुसऱ्यांदा श्रीखंड काढत होता, त्यामुळे विषय तिथेच थांबला.

जेवणाआधी त्याने गिटार लावली आणि त्या कागदावरच्या गाण्याची सुरुवात वाजवली. तीनच सूर, अगदी सावकाश, एकेक सूर विझेपर्यंत थांबत. स्वयंपाकघरातून आई मेथीची जुडी तशीच हातात घेऊन बाहेर आली.

‘हे काय रे? सा, वरचा सा, आणि एकदम तीव्र मध्यम? पंचम कुठे गेला?’

पंचम नाहीच आहे, आजी, तो म्हणाला. मग पेटी निघाली. आईने पांढरी एक दाबली, सा. मग काळी तीन, तीव्र मध्यम. दोन्ही एकत्र धरले आणि भाता सावकाश हलवत राहिली. खोलीत ते किरकिरणारं, कुठेच न टेकणारं काहीतरी भरून राहिलं.

पाश्चात्त्य संगीतात या अंतराला ट्रायटोन म्हणतात, तीन पूर्ण स्वरांचं अंतर. जुन्या लॅटिन ग्रंथांत त्याला ‘संगीतातला सैतान’ असंही म्हटलंय. चर्चने त्यावर बंदी घातली होती ही गोष्ट फार सांगतात, ती दंतकथाच. गाताना अवघड आणि कानाला बोचरं म्हणून टाळायचे, इतकंच. सप्तकाचे बारा भाग केले तर तीव्र मध्यम बरोबर सहाव्यावर येतो, खालच्या सा पासून आणि वरच्या सा पासून सारखाच लांब. कानाला कळत नाही, घर कुठल्या बाजूला. पंचम असता तर प्रश्न नव्हता. सा आणि प हे इतकं भक्कम जोडपं आहे की तंबोरासुद्धा बहुतेक वेळा त्यांच्यावरच लावतात. इथे पंचमाच्या उंबऱ्यावर आणून पाऊल अधांतरी ठेवलंय. आयोमीने हे काही ग्रंथ वाचून केलं नव्हतं. बटलर होल्स्ट नावाच्या इंग्रज संगीतकाराची मंगळ ग्रहावरची रचना बेसवर वाजवून बघत होता, तिच्यातून हे सुचलं. म्हणजे गाण्यातला माणूस ‘हे काय आहे’ असं विचारायच्या आधीच सुरांनी तो प्रश्न विचारून ठेवलेला असतो. म्हणून तर मला शब्द न कळता भीती वाटायची.

‘मारवा असाच आहे,’ आई म्हणाली. ‘पंचम वर्ज्य. आणि सा सुद्धा लपवून ठेवायचा, रिषभ-धैवतावर रेंगाळायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, आता येईल सा, आता येईल. येत नाही.’ मारवा सूर्यास्ताच्या वेळचा, उजेड धड गेलेला नाही आणि अंधार धड झालेला नाही अशा वेळचा. त्याला तंबोराही पंचमावर लावत नाहीत, निषादावर किंवा धैवतावर लावतात. आईच्या तरुणपणी तिच्या गुरुजींनी तिला हा राग दोन वर्षं शिकवला नव्हता. म्हणाले होते, आधी भूप घोट, घर कुठे आहे ते कळू दे, मग घराबाहेर उभं राहायला शिकवतो.

मग बराच वेळ दोघांचं चाललं. तो गिटारवर ते तीन सूर वाजवायचा, ती पेटीवर कोमल रिषभाला धरून बसायची. बाहेर पाऊस लागला होता. बहिणीने ताटं घेतली, वाट बघितली, पुन्हा हाक मारली.

आईने भाता मिटला. भाच्याचं बोट अजून तीव्र मध्यमावरच होतं आणि तार थरथरत होती.

‘सा लाव आता,’ ती म्हणाली. ‘असं टांगून ठेवून जेवायला बसायचं नाही.’

त्याने एकदा आणखी तोच सूर छेडला, आजीकडे बघून. मग सा लावला.